पाळी गेल्यानंतर कोलेस्टेरॉल आणि विसराळूपणा यांचा एकत्र माग कसा काढावा

"हल्ली नावंच आठवत नाहीत" आणि "कोलेस्टेरॉल जरा वाढलंय" ही पन्नाशीनंतरची दोन गाऱ्हाणी. इंदूरच्या आपल्या घरांत दोन्ही वयाच्या खात्यावर टाकली जातात. तसं करू नका. दोन्हींची तपासणी एकदमच करून घ्या.

आधी रक्त द्या. सलग 12 महिने पाळी आली नसेल, तर लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) सोबत टीएसएच (थायरॉईडची), बी-12 जीवनसत्त्व आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) याही तपासण्या करायला सांगा. थायरॉईड मंदावलं की एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) चढतं आणि डोकंही सुस्तावतं. म्हणजे दोन तक्रारींचं मूळ एकच निघू शकतं. शाकाहारी बायकांत, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत, बी-12 बऱ्याचदा कमी सापडतं. त्यानेही विसरायला होतं, पायांना मुंग्या येतात.

रिपोर्ट नीट वाचा. नुसत्या टोटलवर घाबरू नका. टोटलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा करा. इतर आजार नसतील तर उत्तर 130 (मिग्रॅ/डीएल) च्या आत हवं. एलडीएल 100 च्या आत उत्तम, 190 किंवा वर असेल तर थेट डॉक्टरांकडे. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर मर्यादा आणखी खाली येते, ती डॉक्टरच ठरवतील. पाळीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटल्यावर यकृत रक्तातलं एलडीएल पूर्वीइतकं ओढून घेत नाही, म्हणून खाणं तेच असूनही आकडा वाढतो. त्यात तुमचा दोष नाही.

मग ताट. पोह्यांना उगाच बदनाम करतात. खरा प्रश्न वरच्या मूठभर शेवेचा आणि शेजारच्या जिलेबीचा! शेव चमचाभर घ्या, पोह्यांत मटार वाढवा, डालडा आणि पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल बंद. नीमच-मंदसौरकडचं इसबगोल पोट साफ व्हावं म्हणून घरात असतंच. रोज घेतलं तर एलडीएलही थोडं उतरतं. भरपूर पाण्यासोबत घ्या, आणि थायरॉईडच्या गोळीपासून काही तास दूर ठेवा.

आठवड्याला 150 मिनिटं भरभर चाला, रीजनल पार्कात किंवा कॉलनीतच. रात्री घाम येऊन झोपमोड होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण अपुऱ्या झोपेनं स्मरणशक्ती ढिली पडते.

स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) लिहून दिलं तर "गोळीनं डोकं बिघडतं" असं ऐकून परस्पर बंद करू नका. मोठ्या चाचण्यांत तसं दिसलेलं नाही. उलट लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या आयोगानं मध्यमवयातलं वाढलेलं एलडीएल डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) टाळता येण्याजोग्या कारणांत धरलं. कमी ऐकू येणं त्या यादीत आधीपासूनच आहे. तेव्हा कानही तपासून घ्या.

शब्द अडणं, चष्मा कुठे ठेवला ते विसरणं बहुधा तात्पुरतं असतं. पण राजवाड्याहून घरचा ओळखीचा रस्ता चुकू लागला, नेहमीचा हिशेब जमेनासा झाला, तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. आणि एकाएकी बोलणं अडखळलं, तोंड किंवा हात एका बाजूला लुळा पडला, तर कुणाची वाट न पाहता 108 लावा.