पारा उतरू द्या, आभाळाकडे बघा: कोल्हापूर जिल्ह्यासाठी हिवाळी कृषी सल्ला

हिवाळ्यात आठवड्याचा हवामान अंदाज आला की सगळ्यांची नजर आधी किमान तापमानाच्या आकड्यावर जाते. आपल्या जिल्ह्यात पिकाचं काय होणार हे त्या आकड्यावरून निम्मंच कळतं. उरलेलं निम्मं त्याच अंदाजातल्या तीन ओळींत असतं: ढग किती, सकाळची आर्द्रता किती आणि वारा कुठून. हवामान खात्याचा जिल्हावार कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, पुढच्या पाच दिवसांचा असतो आणि मोबाईलवर ‘मेघदूत’ ॲपमध्ये मराठीतून वाचता येतो. त्यात ढगांचं प्रमाण ० ते ८ अशा आकड्यांत देतात. ० म्हणजे निरभ्र, ८ म्हणजे आभाळ पूर्ण भरलेलं.

डिसेंबर-जानेवारीत कोल्हापूरचं किमान तापमान साधारण १४-१५ अंशांच्या घरात असतं. उत्तरेकडून कोरडा वारा सुरू झाला, आभाळ मोकळं राहिलं की ते खाली येतं. सपाट भागात थंडीची लाट जाहीर करायला पारा १० किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असावा लागतो. ती वेळ आपल्याकडे क्वचित येते. उलट बंगालच्या उपसागराकडून पूर्वेचा दमट वारा आला की रात्री उबदार होतात, आभाळ येतं, सकाळी धुई (धुकं) पडते. लोक म्हणतात थंडी गेली, बरं झालं. कोल्हापूरच्या शेतीला खरा दगा या दुसऱ्या प्रकारच्या आठवड्यात होतो. म्हणून अंदाजात ढगांचा आकडा ५-६ च्या वर आणि सकाळची आर्द्रता ८०-८५ टक्क्यांच्या पुढे दिसली, तर पारा अठरावर असला तरी सावध व्हायचं.

आणखी एक गोष्ट. अंदाज जिल्ह्याचा असतो, शेत तुमचं. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून सखल भागात येऊन साचते. त्यामुळे पंचगंगा-कृष्णेकाठची मळीची (गाळाची) रानं माळापेक्षा एक-दोन अंशांनी गार असतात आणि दवही तिथं जास्त वेळ टिकतं. शिरोळ-हातकणंगल्यात दहा वाजेपर्यंत पानं ओली, आणि वर माळावर आठलाच कोरडी, असं एकाच दिवशी होतं. एक साधा तापमापक शेडच्या सावलीत, कमरेच्या उंचीवर टांगून ठेवा. आठवडाभर अंदाजाच्या आकड्याशी ताडून पाहिलं की आपल्या रानाचा फरक किती हे कायमचं लक्षात येतं.

ऊस: लावण, खोडवा आणि उभं पीक

सुरू उसाची लावण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. बरोबर थंडीच्या तोंडावर. उसाचा डोळा २६ ते ३३ अंशांत झपाट्यानं फुटतो. २० च्या खाली तो रेंगाळतो आणि तेवढ्यात कांडी कुजायला वेळ मिळतो. अंदाजात सलग चार-पाच दिवस पारा १२ च्या आसपास दिसत असेल तर लावण आठवडाभर पुढं ढकलली तरी काही बिघडत नाही. सऱ्या पाडून रान तयार ठेवा. टोळी मिळाली, ट्रॅक्टर मिळाला म्हणून घाई करण्यात अर्थ नाही.

लावायचंच असेल तर बेणं ९ ते ११ महिन्यांचं, बेणेमळ्यातलंच घ्या. खोडव्याचं (तोडणीनंतर जुन्या बुडख्यांतून फुटलेल्या उसाचं) बेणं नको. १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून टिपऱ्या (बेण्याचे तुकडे) १० ते १५ मिनिटं बुडवा. नंतर १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जीवाणू घेऊन अर्धा तास ठेवा. हा दुसरा टप्पा बरेच जण गाळतात. डोळे बाजूला येतील अशा टिपऱ्या ठेवा आणि आंबवणी (लावणीनंतरचं पाणी) हलकी द्या. गार, चिखलात बसलेली कांडी उगवत नाही. भारी रानात तर थंडीच्या दिवसांत कोरड्या पद्धतीची लावण (आधी कांडी, मग पाणी) बरी.

ट्रेमधल्या रोपांनाही थंडीत वेळ लागतो. एरवी महिन्याभरात तयार होणारं रोप या दिवसांत पाच-सहा आठवडे घेतं. ट्रे भरल्यावर एकावर एक रचून काळ्या प्लास्टिकनं चहूबाजूंनी झाकले की आत ऊब धरते आणि डोळे एकसारखे फुटतात. उन्हाळ्यात तीन दिवस पुरतात, आत्ता पाच दिवस झाकून ठेवा. कोंब दिसले की मात्र लगेच उघडा.

खोडव्याबद्दल थोडं सविस्तर, कारण थंडीच्या आठवड्यात सर्वांत जास्त चुकीचे खर्च तिथं होतात. नोव्हेंबर-डिसेंबरात तुटलेल्या उसाचा खोडवा थंडीत पिवळट दिसतो, वाढ थांबल्यासारखी वाटते. लगेच युरियाचं पोतं सुटतं. पण माती गार असते, मुळं आळसावलेली असतात. टाकलेला युरिया पिकाला फारसा लागत नाही, पैसे मात्र जातात. वाफसा (बेताची ओल) ठेवा, थंडी ओसरायची वाट बघा. जानेवारी सरता सरता फुटवा आपोआप हिरवा होतो. तोवर करायचं काम वेगळं आहे: बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट (उसाची वाळलेली पानं) सरीत पसरा आणि हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजवणारे जीवाणू त्यावर टाका. युरिया टाकायचाच तर तो पाचट कुजवायला, पाचटावर टाका. पाचट पेटवू नका. थंडीत ते जमिनीवरचं पांघरूण असतं, मार्चनंतर तेच पाणी वाचवतं. एक गोष्ट खरी, पाचटाखालची माती उन्हानं लवकर तापत नाही. म्हणून बुडख्यावरचं पाचट बाजूला सारून डोळ्यांवर ऊन पडू द्यायचं.

उभ्या उसाला हिवाळ्यात १५ ते २० दिवसांनी पाणी पुष्कळ झालं. शिरोळ, हातकणंगल्यातल्या क्षारपड होत चाललेल्या रानांत तर पाळी लांबवलेलीच चांगली. तुटायला आलेल्या उसाचं पाणी तोडीआधी १५-२० दिवस बंद करा. गार रात्री आणि कोरडी हवा असली की साखर भरते. साखरेचा उतारा वाढायला असाच आठवडा कारणी लागतो, तो जादा पाण्यानं घालवू नका.

आभाळी हवा आणि दव वाढलं की उसावर दोन गोष्टी शोधा. एक तांबेरा: पानांवर तपकिरी, नारिंगी फोड, बोटाला भुकटी लागते. नत्र जास्त झालेल्या प्लॉटात हमखास. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक १० लिटरला ३० ग्रॅम, चिकट द्रव्य घालून फवारा. दुसरा लोकरी मावा. २००२ साली या किडीनं आपल्या पट्ट्यात घातलेला धुमाकूळ जुन्या मंडळींना आठवत असेल. पानाच्या खाली पांढरा कापूस दिसला तर आधी त्यात डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींच्या अळ्या आहेत का ते नीट बघा. असतील तर विषारी फवारा मारू नका. त्या अळ्या मावा खाऊन संपवतात आणि आपण फवारून आधी त्यांनाच मारतो.

गुऱ्हाळवाल्यांनी ढगाळ आठवड्यात ढेपा उघड्या ठेवू नयेत. दमट हवेत गूळ पाझरतो आणि रंग उतरतो.

बाकीची पिकं

गव्हाला ही थंडी हवीच आहे, काळजी नको. पेरणीपासून १८ ते २१ दिवसांचं, मुकुटमुळं फुटण्याच्या वेळचं पाणी तेवढं चुकवू नका. शाळूलाही (रब्बी ज्वारीला) विशेष काही करायचं नाही. मक्याची पानं जांभळट झाली असतील तर तो रोग नव्हे. गार मातीतून स्फुरद उचललं जात नाही, म्हणून तो रंग येतो. ऊब आली की जातो, दुकानातून बाटली आणू नका.

हरभरा फुलोऱ्यात असेल तर आभाळ आल्यावर घाटे अळी बघत राहा. एकरी दोन कामगंध सापळे (नर पतंगांना वासानं ओढणारे) लावा, पक्ष्यांना बसायला काठ्या रोवा. सापळ्यात सलग तीन रात्री ८-१० पतंग सापडले की फवारणीची वेळ झाली. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो.

टोमॅटो आणि बटाट्याला धुईची भीती सगळ्यात मोठी. गार, ओली हवा दोन-तीन दिवस टिकली की उशिराचा करपा एका रात्रीत प्लॉट काळा करतो. अंदाजात ढग दिसताच, डाग दिसायची वाट न बघता, मॅन्कोझेब १० लिटरला २५ ग्रॅम फवारा. वेलवर्गीय भाज्यांवर भुरी असेल तर पाण्यात मिसळणारं गंधक तितकंच. फवारणी दव सुकल्यावरच करा, मळीच्या रानात दहानंतर. पहाटे ओल्या पानावर मारलेलं औषध दवाबरोबर मातीत ओघळतं.

आजरा-चंदगडकडं काजू मोहोरात आहे. कोरडी थंडी त्याला मानवते. आभाळ आलं की ढेकण्या ही रस शोषणारी कीड वाढते, कोवळे शेंडे आणि मोहोर करपल्यासारखे होतात. सकाळी लवकर झाडाखाली उभं राहून शेंडे तपासा आणि कीड दिसली तरच शिफारशीचं कीटकनाशक घ्या. फुलं उमललेली असताना मधमाश्या फिरतात त्या वेळी पंप बंद.

रात्रीचं पाणी आणि गोठा

वीज रात्रीच्या पाळीत असेल तर पाणी पाजायला एकट्यानं जाऊ नका. गमबूट, बॅटरी, काठी हवीच. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडं गव्यांचे कळप या दिवसांत हमखास रानात उतरतात. रात्रीच्या पाण्याचा एक फायदा आहे: विहिरीचं-बोअरचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा कोमट असतं आणि ओल्या जमिनीत ऊब टिकते. कडाक्याच्या रात्री भाजीपाल्याला हलकं पाणी द्यायचं ते यासाठी.

ऊसतोडीत वाढे (उसाचे हिरवे शेंडे) फुकटात मिळतात म्हणून सगळी वैरण वाढ्यांचीच होते. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते जनावराच्या अंगातला चुना बांधून टाकतं. दूध घटतं, म्हशी वेळेवर माजावर येत नाहीत आणि दोष थंडीला जातो. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडा, सोबत कडबा किंवा दुसरी हिरवी वैरण द्या, मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम क्षारमिश्रण सुरू ठेवा. रेडकांच्या खाली कोरडं पाचट, रात्री गोठ्याच्या वाऱ्याच्या बाजूला पोत्यांचा पडदा. गोठा पूर्ण बंद करू नका, मुताचा वास कोंडून खोकला लागतो.

जाता जाता पुढच्या पिकाचं: उन्हाळी भुईमुगाची पेरणी १५ जानेवारीपासून धरतात, पण तारखेपेक्षा रात्रीचा पारा बघा. तो १८ च्या वर स्थिर झाल्याशिवाय पेरू नका, नाहीतर दाणा मातीतच कुजतो. शेंगा फोडून दाणे आत्ताच काढून ठेवू नका. पेरणीच्या आठवड्यातच फोडा.