कीवर्ड टूलमधला सर्च व्हॉल्यूम कसा वाचायचा

सर्च व्हॉल्यूम म्हणजे एखादा शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो तो आकडा. गूगल कीवर्ड प्लॅनरमध्ये, म्हणजे गूगलच्या जाहिरातदारांसाठीच्या टूलमध्ये, एखाद्या शब्दासमोर २,४०० दिसतं, तेव्हा ती सहसा मागच्या १२ महिन्यांची सरासरी असते, आणि तीही गोल केलेली. आकडे ठरावीक टप्प्यांवरच थांबतात: १,६००, १,९००, २,४००, २,९००. मधला २,५०० दिसतच नाही. त्यामुळे १,९०० चे २,४०० झाले म्हणून मागणी पाव पटीने वाढली असं धरू नका. जरासा फरक पडूनही आकडा पुढच्या टप्प्यावर जातो.

गूगलचे सर्च लॉग, म्हणजे प्रत्यक्ष सर्चच्या नोंदी, बाहेरच्या टूलना मिळत नाहीत. ती प्लॅनरचे आकडे घेतात आणि त्यांना क्लिकस्ट्रीमची, म्हणजे ब्राउझर एक्स्टेन्शन वगैरेंतून जमवलेल्या काही लोकांच्या ब्राउझिंगची, जोड देऊन अंदाज बांधतात. एकाच शब्दाला दोन टूल वेगळे आकडे देतात ते यामुळेच. कमी शोधल्या जाणाऱ्या शब्दांवर हे अंदाज सर्वात जास्त घसरतात, कारण नमुन्यात तो शब्द जेमतेम आलेला असतो.

प्लॅनर उघडल्यावर आधी ठिकाण, भाषा, नेटवर्क आणि कालावधी तपासा. नेटवर्कमध्ये सर्च पार्टनर, म्हणजे गूगलच्या जोडीच्या इतर सर्च साइट, धरले असतील तर आकडा फुगतो. जाहिरातींवर फारसा खर्च नसलेल्या खात्यात नेमका आकडा न येता ‘१ हजार ते १० हजार’ असा पट्टाच दिसतो. ‘कॉम्पिटिशन’चा रकाना जाहिरातदारांमधली चढाओढ सांगतो, जाहिरातीशिवाय निकालांत वर येणं किती अवघड ते ठरवायला तो वापरू नका.

मग महिनावार आलेख बघा, ही पायरी कधीच गाळू नये. अकरा महिने १०० सर्च आणि एका महिन्यात १४,५००, तरी सरासरी १,३००च येते. अशा शब्दावरचा लेख हंगामाच्या बराच आधी तयार हवा.

सर्वात महागात पडणारी चूक बेरजेची. एकवचन-अनेकवचन, चुकीचं स्पेलिंग अशा जवळच्या रूपांचे सर्च प्लॅनर बरेचदा एकत्र मोजतो आणि तोच आकडा प्रत्येकासमोर दाखवतो. ‘सायकल पंप’ आणि त्याचं दुसरं रूप, दोन्हींसमोर २,४०० आणि बारा महिन्यांचे आलेखही तंतोतंत सारखे असतील, तर तो एकच गट समजा. शीटमध्ये एकच ओळ ठेवा, ४,८०० लिहू नका.

गूगल ट्रेंड्स सर्चची संख्या देत नाही. निवडलेल्या काळातला सर्वोच्च बिंदू १०० धरून बाकीचं त्या प्रमाणात दाखवतो. चढउतार बघायला तो उत्तम.

शेवटी सर्च कन्सोलशी पडताळा; तुमची साइट गूगल सर्चमध्ये कशी दिसते ते सांगणारं हे गूगलचंच टूल. शब्द नेमका तोच आणि देशही प्लॅनरमधलाच ठेवा. तुमचं पान महिनाभर पहिल्या तीन-चार जागांत टिकून असेल, तर इम्प्रेशनचा, म्हणजे पान निकालांत किती वेळा दिसलं त्याचा, आकडा त्या शब्दाच्या खऱ्या सर्चच्या बराच जवळ जातो. तुमचं पान निकालांच्या दुसऱ्या पानावर असेल तर हा ताळा लागत नाही. रँक तपासणारे बॉटही (आपोआप सर्च करणारे प्रोग्राम) इम्प्रेशन वाढवतात, तेव्हा क्लिक शून्य आणि इम्प्रेशन भरमसाट असेल तर सावध व्हा. फार थोड्या लोकांनी केलेले सर्च गोपनीयतेसाठी यादीतून वगळलेले असतात. त्यामुळे ओळींची बेरीज वरच्या एकूण आकड्यापेक्षा कमी भरते. डेटा १६ महिनेच राहतो, म्हणून दर महिन्याला एक्स्पोर्ट करून ठेवा.