सुटी चहापत्ती पारखायची तर आधी कोरा चहा चाखा

आठवडी बाजारातून साधी, वेलचीची, आल्याची अशी दोन-तीन प्रकारची पत्ती घरी येते, पण दूध-साखरेत सगळ्यांची चव सारखीच लागते.

१. प्रत्येक पत्ती किराणा दुकानाच्या काट्यावर १० ग्रॅम मोजून घ्या आणि घरी तिचे ५ सारखे ढीग करा. एक ढीग म्हणजे २ ग्रॅम. चमच्याने मोजलं की फसगत होते. बारीक भुकटी चमच्यात जास्त मावते आणि उगाच कडक वाटते.

२. सारख्या कपांत एकेक ढीग टाका, बुडाशी खूण करा. प्रत्येकात १०० मिली उकळतं पाणी ओतून ५ मिनिटं झाका, मग गाळा.

३. कोमट झाल्यावर चाखा. साधी आधी, वेलची-आल्याची शेवटी. दोन कपांच्या मध्ये तोंडाची चव जायला चिमूटभर मुरमुरे, घोटभर पाणी.

मग उरलेल्यात दोन चमचे दूध घाला. चांगल्या पत्तीचा रंग दुधातही तांबूस राहतो.

पाणी मात्र सगळ्यांना एकच हवं, शक्यतो कॅनचं. बोअरच्या जड पाण्यात चहावर तवंग येतो, चव मंदावते, आणि बोल मात्र बिचाऱ्या पत्तीला.

सगळ्या पुड्या एका डब्यात ठेवू नका. साधी पत्ती वेलचीचा वास लगेच धरते.