वायर ब्रशने गंज काढताना

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या वर्कशॉपमध्ये वायर ब्रश लवकर झिजतात, याचं मुख्य कारण जास्त दाब. गंज कापतात ती तारांची टोकं. ब्रश दाबला की तारा आडव्या होतात, बाजूने घासतात, तापतात आणि मुळाशी तुटतात. काम होत नसेल तर दाब वाढवू नका, जाड तारेचा किंवा पीळ दिलेल्या तारांचा ब्रश घ्या.

तार धातूनुसार निवडा. साध्या लोखंडाला कार्बन स्टील, पितळ-तांब्याला पितळी. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमला फक्त स्टेनलेस तारेचा, तोही वेगळा ठेवलेला. लोखंडावर वापरलेला ब्रश स्टेनलेसवर फिरवला तर लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि तिथेच गंजाचे डाग उमटतात.

ग्राइंडरला लावण्याआधी ब्रशवरचा कमाल आरपीएम (मिनिटाला किती फेरे) वाचा. चार इंची ग्राइंडर साधारण 11,000 आरपीएमने फिरतो. ब्रशचा आकडा मशीनपेक्षा कमी असेल तर तो लावूच नका. ग्राइंडरचा गार्ड (संरक्षक झाकण) काढू नका. नवा ब्रश लावल्यावर समोर उभं न राहता मिनिटभर रिकामा फिरवा, सुट्या तारा तेव्हाच उडतात. चष्म्यावर फेसशील्ड हवीच. उडालेली तार कपड्यातूनही घुसते.

पार्टवरचं तेल-ग्रीस आधी पुसा, नाहीतर ब्रश ते सगळीकडे पसरवतो. बेंच ग्राइंडरवरचा व्हील ब्रश तारा एका बाजूला झुकल्या की उलटा बसवा, टोकांना पुन्हा धार येते. पावसाळ्यात ब्रश कोरड्या जागी टांगा. गंजलेल्या तारांचा ब्रश भंगारात द्या.