ॲटिकचं दार: आधी नट आवळा, मग फोम चिकटवा

साताऱ्याहून आलेली आई जानेवारीभर एकच म्हणत होती, "अगं, पायाला गार लागतंय." थर्मोस्टॅट 70 फॅरनहाइटवर. मी तिला लोकरीचे मोजे आणून दिले आणि पुढच्या दाराखालची फट बुजवली. न्यू जर्सीतलं आमचं घर जुनं, वारा येणारच, असं मला वाटायचं.

चोर निघाला डोक्यावर. वरच्या पॅसेजच्या छतात ॲटिकच्या, म्हणजे छपराखालच्या माळ्याच्या, घडीच्या शिडीचं दार आहे, दोरी ओढली की खाली येणारं. ते बोटभर उघडं राहायचं. आईने पेटती उदबत्ती तिथे धरली, तर धूर सर्रकन फटीत ओढला गेला. गरम हवा वर पळते आणि तिची जागा भरायला खालून थंडगार हवा आत येते. म्हणून पायाला गार! (स्मोक अलार्म जवळ असेल तर एकच काडी लावा.)

मी शहाणपणा करून चौकटीला अर्धा इंची फोम चिकटवला. दार आणखी खाली आलं.

तुम्ही आधी दार तळहाताने वर दाबून बघा. दाबल्यावर नीट बसलं आणि हात काढताच उतरलं, तर स्प्रिंग थकलीय किंवा नट सैल झालेत. एकच कोपरा लोंबत असेल तर त्याच बाजूला दोष शोधा. दाबूनही बसत नसेल तर मध्ये काहीतरी अडकतंय: फायबरग्लासचा पुंजका, वाकलेली बिजागरी, किंवा माझ्यासारखा जाडा फोम.

मग दार उघडून दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्यांचे नट पान्याने आवळा. पट्टी हलती राहील इतपतच, जाम करू नका. आमचा डावीकडचा नट तर नुसत्या बोटांनी फिरत होता.

स्प्रिंगचं मात्र जपून. दार उघडं असताना ती पूर्ण ताणलेली असते, तेव्हा हात लावायचा नाही. बदलायची तर ॲटिकमध्ये बसून, दार बंद करून, आणि दोन्ही एकदम. मी त्यासाठी सरळ माणूस बोलावला.

दार आपोआप बसायला लागल्यावरच फोम. पाव इंची रबरी पट्टी पुरते. चौकट अल्कोहोलने पुसून कोरडी करा, नाहीतर आठवड्यात पट्टी लोंबते. दारात कागदाची पट्टी धरून बंद करा. ओढताना अडली पाहिजे. चारही बाजूंना बघा, बिजागरीकडची बाजू हमखास राहते.

वरून झाकायला मी दोन इंची फोम बोर्डची पेटी केली, सांधे फॉइल टेपने बंद केले. शिडी चढताना डोक्यानेच उचलली जाते इतकी हलकी.

परवा पुन्हा उदबत्ती लावली. उजव्या कोपऱ्यात धूर अजून किंचित वळतो. तिथली पट्टी एप्रिलमध्ये बदलेन, जुलैत उकाड्याने वर बसवत नाही.