जोडीदाराला कॅन्सर झाला असेल तर स्वतःसाठी ऑनलाइन आधार कसा घ्यावा

घरात कॅन्सर शिरला की जो तो पेशंटची विचारपूस करतो. जेवण जातंय का, पुढची केमो कधी? उशाशी बसलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला 'तू जेवलास का' विचारणारे फार थोडे. म्हणून स्वतःची काळजी घ्यायला आपणच सुरुवात करायची. हातातला फोन त्यासाठी पुरतो.

आधी वेळ ठरवा. रोज पंधरा-वीस मिनिटं खूप झाली. ठाण्याहून पनवेल लोकलने खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रात, जात असाल तर प्रवासात, नाहीतर सलाइन चालू असताना बाहेरच्या बाकावर. रात्री अंथरुणात मात्र नको. तेव्हा बोटं आपोआप 'तिसरी स्टेज, किती वर्षं' असं शोधायला लागतात. ते आकडे असंख्य अनोळखी पेशंटचे असतात, त्यातून तुमच्या माणसाचं काय होणार ते कळत नाही. प्रश्न वहीत लिहा आणि ओपीडीत डॉक्टरांना विचारा.

मग एकच साधन निवडा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ताणावर एक सचित्र पुस्तिका काढली, ती ऑडिओसकट फुकट मिळते. तिच्यातला पहिला सराव करून बघा: मनात काय चाललंय ते ओळखायचं, श्वास सावकाश सोडायचा, तळपाय जमिनीवर दाबायचे आणि समोरच्या कामाकडे लक्ष वळवायचं. भीती जात नाही, पण औषधांची चिठ्ठी नीट वाचता येते.

दुसरा सराव लिहायचा. नेदरलँड्समध्ये ट्वेंटे विद्यापीठातल्या संशोधकांनी खास कॅन्सर पेशंटच्या जोडीदारांसाठी ऑनलाइन स्वमदत कार्यक्रम तयार केला. त्यात स्वतःशी मायेने वागण्यावर भर आहे, आणि मला तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. 'गाठ आधीच दाखवायला हवी होती, माझंच चुकलं' हे तुमच्या बहिणीने म्हटलं असतं, तर तुम्ही तिला काय सांगितलं असतं? तेच स्वतःला लिहा, फोनच्या नोट्समध्ये लिहिलं तरी चालेल.

एकमेकांशी बोलणं सगळ्यात अवघड. ती घाबरेल म्हणून तो गप्प, तो खचेल म्हणून ती हसतमुख. थेट विचारा: "अहो, आज रिपोर्टबद्दल बोलायचं, की नुसतं बसूया?" उत्तर काहीही आलं तरी ते माना.

नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर नेमकं काम सांगा: "मंगळवारी डबा कोण देईल?" अनोळखी ग्रुपवर रिपोर्टचे फोटो टाकू नका, आणि हमखास बरं करणारं औषध विकणाऱ्याला लगेच ब्लॉक करा.

झोप उडाली, रडू थांबेना, जगणं नकोसं वाटू लागलं, तर सराव बाजूला ठेवा आणि १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही. फोन पेशंटसाठीच लावला पाहिजे असं नाही. "माझ्या मिस्टरांना कॅन्सर आहे, मला बोलायचंय" एवढं सांगितलं तरी पुरे.