माजी सैनिकांनो, नोकरीच्या अर्जात या चुका टाळा

पलटणीत अठरा वर्षं क्लार्की केली. पेन्शन आलो तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा कागदांतून. पण गावात बातमी फुटली की हा क्लार्क होता, आणि तेव्हापासून दर रविवारी ओट्यावर कुणी ना कुणी पिशवी घेऊन बसलेला असतो. पिशवीत डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटल्याचं पुस्तक), पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, मुलाचा शाळेचा दाखला, मागच्या महिन्याचं वीजबिल, सगळं एकत्र कोंबलेलं. आणि पहिलं वाक्य ठरलेलं: “साहेब, आपल्याला कोटा आहे ना?”

आहे. राज्य सरकारच्या गट क आणि गट ड मध्ये १५ टक्के. केंद्राच्या गट क मध्ये १० आणि पूर्वीच्या गट ड मध्ये २०. सरकारी बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत हेच आकडे १४.५ आणि २४.५ असे आहेत, आणि त्यातले ४.५ टक्के अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांसाठी आणि कारवाईत वीरगती मिळालेल्यांच्या वारसांसाठी. एवढं असून दर भरतीत आपली माणसं बाहेर पडतात, आणि बहुतेक वेळा परीक्षेत नापास होऊन नाही, कागदावर नापास होऊन.

दहावीला बाळासाहेब, पलटणीत बाळू

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ती नोकरीत असताना एका अर्जात सुटते.

आमच्याकडचा एक हवालदार. आठवी पास असताना ट्रेड्समन म्हणून भरती झाला. दाखल्यावर ‘बाळू’ होतं, तेच पलटणीत लागलं. पुढे सुट्टीवर आला असताना १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी केली, तेव्हा कुणीतरी शहाण्याने फॉर्मवर ‘बाळासाहेब’ घातलं. वीस वर्षं कुणालाच काही अडलं नाही. पेन्शन आल्यावर गडी जिद्दीने अभ्यासाला बसला आणि एका गट क च्या भरतीत माजी सैनिकांच्या यादीत चांगल्या नंबराने आला. गावात पेढे वाटून झाले.

कागदपत्र तपासणीच्या टेबलावर समोरच्या बाईंनी दहावीचं मार्कशीट आणि डिस्चार्ज बुक शेजारी शेजारी ठेवलं आणि विचारलं, “हे दोघं कोण?” हा म्हणाला, “मीच.” त्या म्हणाल्या, “मला पटतंय हो, पण लिहून आणा.” ठरावीक दिवसांची मुदत दिली. तो माझ्याकडे धावत आला. प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नाव टाकायला दिलं, रेकॉर्ड ऑफिसला पत्र धाडलं. रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं, अगदी व्यवस्थित, शिक्क्यासकट. मुदत उलटून गेल्यावर. जागा यादीतल्या पुढच्या माणसाला गेली. त्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

जे अजून नोकरीत आहेत त्यांनी पेन्शनच्या दोन वर्षं आधी एका संध्याकाळी दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, जातीचा दाखला आणि शीट रोल (सैन्यातली आपली सेवेची नोंद) यांवरची नावं एकाखाली एक लिहून काढावीत. ‘शिंदे’ कुठे आधी, कुठे नंतर, वडिलांचं नाव कुठे गायब, सगळं दिसतं. मग युनिटमधूनच पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद बदलल्याचा लेखी आदेश, करून घ्यावी. बाहेर पडल्यावर तेच काम महिन्यांचं होतं.

जन्मतारखेचं वेगळं. आपल्याकडच्या गुरुजींनी अर्धं गाव १ जूनला जन्माला घातलंय, त्यामुळे घोळ असतातच. पण सैन्याने भरतीच्या वेळी नोंदवलेली तारीख बदलायच्या नादाला लागू नका. आधार आणि पॅन तिच्याशी जुळवून घ्या. उलटं करायला जाणारे दोघे अजून कोर्टाच्या पायऱ्या झिजवतायत.

“कार्यालयातून पत्र येईल”

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवलं, ‘महास्वयं’ या राज्याच्या रोजगार पोर्टलवर नोंदणी केली आणि घरी जाऊन बसले. एकेकाळी असं चालायचं. रोजगार कार्यालयातून नावं जायची आणि त्यांतूनच निवड व्हायची. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या रोजगार कार्यालयाच्या यादीवर भागवू नका, जाहिरात द्या आणि इतरांनाही संधी द्या. तेव्हापासून खरा मार्ग जाहिरातीचा. नोंदणी कराच, ओळखपत्रापासून अनेक गोष्टींना ती लागते, पण जाहिरात बघून अर्ज तुम्हालाच करायचाय. मी रोज सकाळी चहाबरोबर दोन वर्तमानपत्रांची मागची पानं बघतो. मोबाईलवर मिळतं म्हणतात. मिळत असेल.

वयाचं गणित

केंद्राचा नियम साधा आहे: आजच्या वयातून सैन्यातली सेवा वजा करा, उरलेलं वय मर्यादेपेक्षा ३ वर्षांहून जास्त पुढे नको. लोक एवढंच ऐकतात आणि निवांत होतात. समजा १९ व्या वर्षी भरती, २० वर्षं सेवा, ३९ व्या वर्षी घरी. पदाची मर्यादा २५, म्हणजे तुम्हाला २८. पहिल्या दिवशी ३९ वजा २० म्हणजे १९, मोकळं मैदान. पण सेवा २० वरच थांबली आणि वय थांबत नाही. ४९ व्या वर्षी उत्तर २९ येतं आणि अर्ज बाद. घर बांधून होऊ दे, मुलीचं लग्न होऊ दे, मग बघू म्हणणाऱ्यांनी हे आकडे कपाटाच्या दारावर चिकटवावेत.

पहिली मिळाली ती धरली

दुसरी माझी आवडती चूक, म्हणजे नावडती.

एक नाईक, अतिशय घाईचा माणूस. सुटल्यापासून दोन महिन्यांत केंद्राच्या एका कार्यालयात माजी सैनिकाच्या जागेवर लागला. त्याआधी एका सरकारी बँकेत क्लार्कचा फॉर्म भरलेला होता. वर्षभराने बँकेचा निकाल लागला, याचं नाव होतं, आणि बँकेने विचारलं: आधीची नोकरी माजी सैनिकाच्या राखीव जागेवर घेतलीत ना? मग लाभ संपला.

नियमात यावर तोडगा आहे आणि तो ऑगस्ट २०१४ पासून आहे. नोकरीवर रुजू झाल्याबरोबर आपल्या कार्यालयाला लेखी कळवायचं, की रुजू होण्याआधी मी या या तारखेला या या जागांसाठी अर्ज केलेले आहेत. एक पान. ते दिलं असतं तर बँकेत त्याचा माजी सैनिक म्हणून हक्क राहिला असता. मी त्याला तेव्हा सांगितलं होतं. म्हणाला, “आधी पगार तर सुरू होऊ दे.” झाला पगार सुरू. आता वरच्या पदासाठी त्याला वयाची सवलत मिळू शकते, राखीव जागा नाही.

कंत्राटी किंवा खासगी सिक्युरिटीची नोकरी केली म्हणून कोटा जात नाही. याच भीतीने काही जण घरी बसून राहतात, तेही चूकच.

बाकीच्या, थोडक्यात

माजी सैनिकाचं आरक्षण समांतर आहे. म्हणजे ते तुमच्या सामाजिक प्रवर्गाच्या आत मोजलं जातं. ओबीसीतून अर्ज करणाऱ्या फौजीलाही नॉन क्रिमी लेयर लागतं. “मी सैनिक आहे, मला कशाला?” हे टेबलावर चालत नाही.

सीआरपीएफ, बीएसएफमधून निवृत्त झालेले या व्याख्येत बसत नाहीत. ती फक्त भूदल, नौदल आणि हवाई दलासाठी आहे. स्वतःहून मधेच नाव कापून, पेन्शनशिवाय आलेलेही नाहीत. चार वर्षांनी परत येणाऱ्या अग्निवीरांनाही माजी सैनिकाचा दर्जा नाही. त्यांच्यासाठीच्या सवलती वेगळ्या जाहीर होतात, त्या वेगळ्या वाचा.

१५ वर्षं सेवेवर मिळणारं पदवीचं प्रमाणपत्र सगळीकडे पदवी म्हणून चालतं असं समजू नका. जाहिरातीत तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव आवश्यक असेल तर ते उपयोगाचं नाही.

वडील फौजी म्हणून मुलाने ‘माजी सैनिक’वर टिक करू नये. दर भरतीत दोन-चार पोरं करतात.

अर्जावर सायबर कॅफेवाल्याचा मोबाईल नंबर टाकू नका. ओटीपी त्याला, प्रवेशपत्राचा मेसेज त्याला, आणि तो लग्नाला गेलेला.

“साहेबांशी ओळख आहे, दोन लाखांत काम होईल” म्हणणाऱ्याला ओट्यावरून खाली उतरवा. एवढा वेळ आणि पैसा असेल तर अंकगणिताची शिकवणी लावा.

‘क्वार्टर मास्टरकडे होतो’ असं लिहून मुलाखत घेणाऱ्याला काही कळत नाही. किती माणसांचं सामान, कशाची नोंद, किती वर्षं, ते लिहा.

आणि डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू नका. पुढे त्यावर कुठलीही नोंद किंवा शिक्का घ्यायचा झाला की ब्लेडने प्लास्टिक सोलत बसावं लागतं, मग पान फाटतं आणि माणूस माझ्याकडे येतो. माझं स्वतःचं खाकी लिफाफ्यात आहे, लिफाफा पत्र्याच्या ट्रंकेत, आणि ट्रंकेची किल्ली बायकोकडे.